सांगली-मिरजेत भाड्याचं घर: नाकारलं, अडवलं, बाहेर काढलं तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेत मेडिकल आणि नर्सिंगची मुलं, विश्रामबागेत इंजिनिअरिंगची, कुपवाड एमआयडीसीत परप्रांतातून आलेले कामगार, बदलीवर आलेले शिक्षक आणि बँकवाले. दर जूनमध्ये ही सगळी मंडळी एकाच वेळी घरं शोधत फिरतात आणि त्यांचे प्रश्नही थोड्याफार फरकाने तेच असतात. घर नाकारलं जातं तेव्हा कायदा काही ठिकाणी जोरकस आहे, काही ठिकाणी अगदीच लंगडा. घरात शिरल्यावर मात्र भाडेकरूच्या हातात बरंच काही असतं, फक्त कागद हवा. पुढची उत्तरं याच क्रमाने आहेत. सातारा-कराडला कायदा तोच, कोर्ट तेवढं वेगळं.

आडनाव ऐकलं आणि लगेच ‘घर बोललं गेलंय’ म्हणाले. हा गुन्हा होतो का?

कारण जात असेल आणि तुम्ही अनुसूचित जातीतले असाल तर होतो. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ च्या कलम ४ मध्ये कुठल्याही वस्तीत घर बांधणं, घेणं किंवा त्यात राहणं याला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणं शिक्षापात्र ठरवलंय. कायद्याची भाषा ‘जो कोणी’ अशी आहे, म्हणजे खासगी घरमालकही त्यात आला. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. दंडाचा आकडा वाचून हसू येईल, पण गुन्हा दखलपात्र आहे. ‘आमच्या हातात काही नाही, कोर्टात जा’ असं पोलिसांना म्हणता येत नाही.

याच कायद्याचं कलम १२ फार कमी लोकांना ठाऊक असतं. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं असं कोर्ट गृहीत धरतं. तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी समोरच्यावर येते. घर नाकारलं हे तुम्ही दाखवायचं, ‘जातीमुळे नाही’ हे त्याने.

एक मुलगा साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झाला. परदेशात शिकून १९१७ साली तो बडोद्याला नोकरीवर रुजू झाला, तेव्हा त्याला त्या शहरात घर मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरला, तर तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि तो शाळाप्रवेशाचा दिवस आपण राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. सातारा-सांगलीत आज एजंट पहिला प्रश्न ‘पाहुणे कुठले?’ असा विचारतो, आणि त्याला गावाचं नाव ऐकायचं नसतं हे दोघांनाही कळतं.

पण तोंडावर कुणीच जात काढत नाही. सिद्ध कसं करायचं?

बहुतेक प्रकरणं इथेच ढेपाळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आता नाकारण्याची रीत साधारण अशी असते. सकाळी व्हॉट्सॲपवर येतं, ‘टू बीएचके रिकामा आहे, केव्हाही या बघायला.’ तुम्ही जाता, घर आवडतं, भाडं ठरतं. मग ‘आधारचा फोटो पाठवा’. फोटो पाठवला की दोन निळ्या टिका दिसतात आणि पुढे शांतता. संध्याकाळी निरोप येतो, ‘सॉरी, मॅडमनी आधीच दुसऱ्यांना शब्द दिला होता.’ आठवड्याने तीच जाहिरात, तेच फोटो, तेच भाडं.

या सगळ्यात तुमचा पुरावा आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा, आधीचाही आणि नंतरचाही. चॅट पुसू नका, मूळ मोबाईल विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. ते वकील करून देतात, पण मूळ उपकरण हाताशी असलं की काम सोपं होतं. स्वतःच्या बोलण्याचं कॉल रेकॉर्डिंगही जपून ठेवा.

सगळ्यात उपयोगी पडतो तो मित्राचा फोन. नकार आला त्याच दिवशी वेगळ्या आडनावाच्या मित्राला किंवा मैत्रिणीला त्याच घरासाठी फोन करायला लावा. तुमच्याइतकाच पगार, तेवढीच माणसं सांगायची. त्याला ‘या की बघायला’ म्हटलं तर वेळ, नंबर, झालेलं बोलणं लगेच लिहून काढा. मित्र साक्षीदार झाला. तो पुढे कोर्टात उभा राहणारा हवा, एवढं मात्र आधी विचारून घ्या.

ॲट्रॉसिटी लागते का?

घर दिलं नाही एवढ्यावरून सरसकट लागत नाही. लोकांसमोर जातिवाचक शिवीगाळ किंवा जाणूनबुजून अपमान झाला असेल, किंवा गल्लीने मिळून अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबावर सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकला असेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याचं कलम ३ लागतं. बहिष्काराचा उल्लेख २०१५ च्या दुरुस्तीने आला. तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तक्रारीत घडलं तेवढंच लिहा. एक वाक्य वाढवून लिहिलं की उलटतपासणीत त्याच वाक्यावर सगळं घसरतं.

मी मुसलमान आहे. मला कुठला कायदा?

खरं उत्तर कडू आहे. खासगी घरमालकाने केवळ धर्मावरून भाड्याने घर नाकारलं, तर त्याला थेट शिक्षा करणारा कायदा आपल्याकडे नाही. संविधानाचं कलम १५ (१) शासनाला बांधतं. कलम १५ (२) दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं अशा ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून अडवणूक करायला मनाई करतं, म्हणजे लॉजवाला तुम्हाला धर्मावरून परत पाठवू शकत नाही. घरमालक पाठवतो आणि सुटतो.

तरी तीन ठिकाणी पाय रोवता येतो. एक, घर सरकारी योजनेतलं असेल, म्हाडाचं असेल (सांगली आणि सातारा दोन्ही पुणे मंडळात येतात) किंवा महापालिकेचं असेल, तर कलम १५ सरळ लागतं. दोन, राज्य अल्पसंख्याक आयोगाकडे लेखी तक्रार करता येते. आयोग घर मिळवून देत नाही, पण खुलासा मागवू शकतो, आणि ज्याला नावाची काळजी आहे त्याला ते पुरतं. तीन, नकार देताना धमकी किंवा धर्मावरून चिथावणी झाली असेल, तर तो वेगळा फौजदारी विषय होतो.

खणभागात आणि मिरजेत हिंदू-मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेत. नव्या अपार्टमेंटमध्येच ही गाळणी जास्त घट्ट दिसते.

‘फक्त शाकाहारी कुटुंबासाठी’ अशी जाहिरात चालते का?

चालते, रोखणारा कायदा नाही. करारात तशी अट असेल आणि तुम्ही सही केली असेल, तर ती पाळावी लागेल. माझं मत विचाराल तर, निम्म्या वेळा ही अट स्वयंपाकघराबद्दल नसतेच. पावट्याची उसळ आणि भाकरी खाणाऱ्यालाही आडनावावरून परत पाठवलं जातं. शाकाहाराचं कारण देऊन अनुसूचित जातीच्या माणसाला नाकारलं आणि तेच घर मांसाहारी कुटुंबाला दिलं, तर वर सांगितलेला १९५५ चा कायदा पुन्हा समोर येतो.

मालक तयार आहे, पण सोसायटीचा चेअरमन म्हणतो, ‘बॅचलरना देत नाही, आमचा ठराव आहे.’

आदर्श उपविधींनुसार (सोसायटी ज्यावर चालते ते नियम) फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. कराराची प्रत आणि पोलिसांना माहिती दिल्याची पोच दिली की मालकाचं काम झालं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी फार तर बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. राज्य सरकारचा हा आदेश १ ऑगस्ट २००१ चा. ठराव दाखवला तर त्याची प्रत मागा. उपविधीत नसलेली गोष्ट सर्वसाधारण सभेच्या ठरावाने लादता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात, आणि ती मालकाने करायची, कारण सभासद तो आहे. मालक कच खाणारा असेल तर प्रकरण तिथेच संपतं, हे आधीच ओळखा.

दुसरी बाजूही आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारी नोंदणीकृत उपविधी वैध धरली. म्हणून भांडायला जाण्याआधी उपविधी वाचा. आपल्याकडे बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालची अपार्टमेंट असतात. तिथे डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारतीचा मूळ घोषणापत्र-दस्त, बघावं लागतं.

मी एकटी राहते, घटस्फोटित आहे. ‘घरी कोण कोण येणार’ असं विचारतात.

विचारणं गुन्हा नाही. भाडेकरू झाल्यावर मात्र मालकाला तुमच्या पाहुण्यांचा हिशेब मागायचा अधिकार नाही, आणि दार ठोठावून, फोन करकरून त्रास देणं, पाळत ठेवणं हा पोलिसांचा विषय होतो.

याला जोडूनच एक गोष्ट सांगतो, कारण ती विचारायला बायका कचरतात. भाड्याच्या घरात नवऱ्यासोबत राहताय आणि करार त्याच्या नावावर आहे, म्हणून तो तुम्हाला रात्री बाहेर काढू शकत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ मध्ये भाड्याचं घरही ‘सामाईक घर’ धरलंय. दंडाधिकारी तुमचा राहण्याचा हक्क राखून ठेवू शकतात किंवा नवऱ्याला दुसऱ्या घराचं भाडं भरायला सांगू शकतात.

तृतीयपंथी व्यक्तीला किंवा एचआयव्हीसह जगणाऱ्याला घर नाकारलं तर?

इथे कायदा स्पष्ट आहे. तृतीयपंथी व्यक्तींच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा आणि एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा, दोन्हींच्या कलम ३ मध्ये राहण्याच्या, विकत किंवा भाड्याने घर घेण्याच्या हक्कात भेदभाव करायला शब्दशः मनाई आहे. तृतीयपंथी व्यक्तीला राहतं घर किंवा गाव सोडायला लावणं हा सहा महिने ते दोन वर्षं कैदेचा गुन्हा आहे. मिरजेला उपचारासाठी लांबून येणाऱ्या रुग्णांनी लक्षात ठेवावं, आजाराबद्दल घरमालकाला सांगायची सक्ती नाही.

एजंट म्हणतो, अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की झालं.

झालं नाही. गावभर चालणारा हा सगळ्यात मोठा गैरसमज. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लीव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी), तो लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. महिने अकरा असोत की तीन. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. म्हणजे नोटरीवर पैसे वाचवणारा मालक स्वतःचाच पाय कापून घेतो. नोंदणीला मालक नकार देत असेल, तर त्याला हे कलम शांतपणे वाचायला द्या. भांडणापेक्षा ते जास्त काम करतं.

नोंदणीला खर्च किती?

महिना ७,००० भाडं, ३०,००० अनामत, ११ महिने असं धरू. भाडं ७७,०००. अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने काल्पनिक व्याज, अकरा महिन्यांचं २,७५०. बेरीज ७९,७५०, तिच्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे साधारण २०० रुपये. नोंदणी फी महापालिका किंवा नगरपालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. यावर थोडं हाताळणी शुल्क आणि एजंटची मजुरी. सगळं ऑनलाइन, आधार आणि अंगठ्यावर होतं. खर्च कोणी करायचा हे आधी ठरवा. बऱ्याच ठिकाणी निम्मा-निम्मा करतात.

पोलिसांची एनओसी लागते का?

माहिती द्यावी लागते. परवानगी घ्यावी लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागू असेल तेव्हा मालकाने भाडेकरूची माहिती ठाण्यात किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर भरायची. ‘तुमच्या लोकांना पोलीस एनओसी देत नाहीत’ हे वाक्य ऐकलंत, तर ते सरळ खोटं समजा.

मालकाने पाणी तोडलं, कुलूप बदललं.

तुम्ही भाडेकरू असाल, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सोय या गोष्टी वाजवी कारणाशिवाय बंद करता येत नाहीत. भाडं थकलं म्हणूनसुद्धा नाही. कोर्ट ती चालू करायचा आदेश देऊ शकतं. लीव्ह अँड लायसन्सवर असाल, तर दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम मागायचा.

कुलूप बदललं तर आधी ११२. वाद दिवाणी आहे म्हणून पोलीस हात झटकतील. त्यांना सांगा की आत माझं सामान आहे, मला माझ्याच घरात जाऊ देत नाहीत, ही अडवणूक आहे, नोंद घ्या. नोंद घेतली नाही तर अधीक्षकांना लेखी अर्ज, त्यानंतर दंडाधिकारी. जबरदस्तीने ताबा गेला असेल, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो, आणि तिथे मालकी कुणाची हा प्रश्नच नसतो, ताबा कुणाचा होता एवढंच बघतात. सहा महिने उलटू देऊ नका.

लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली, घर मिळत नाही. थांबू का?

थांबू नका, किंवा लेखी मुदतवाढ घ्या. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालक घर खाली करून मागायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भाडं लागू शकतं. समन्स आलं तर ३० दिवसांत शपथपत्रासह बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. तो कागद कपाटावर टाकून दिला की काम संपलं. मात्र मुदत संपली म्हणून मालकाला स्वतः सामान बाहेर फेकता येत नाही.

अनामत परत देत नाहीत. रंगाचे म्हणून कापून घेतात.

आत शिरताना आणि बाहेर पडताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. अनामत बँकेतून द्या आणि करारात आकडा लिहून घ्या. मग नोटीस, मग दिवाणी दावा. रक्कम लहान असेल तर लोकअदालत बरी. रोख दिलेली, कुठेही न लिहिलेली अनामत मागायला लोक येतात तेव्हा त्यांच्यासाठी फारसं काही करता येत नाही. भाड्याची पावती मात्र त्याच कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मालकाने द्यायचीच असते.

गावभागात वाड्यात तीन पिढ्या भाड्याने आहोत. मालक वाडा पाडायचा म्हणतो.

तुम्ही जुने भाडेकरू, तुमचं संरक्षण सगळ्यात भक्कम. भाडं वर्षाला ४ टक्क्यांनीच वाढतं. थकबाकीवरून दावा लावायला ९० दिवसांची नोटीस लागते, आणि समन्सनंतर ९० दिवसांत व्याजासह भरलं तर घर वाचतं. वडील गेले तरी त्यांच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला भाडेकरूपण मिळतं. नवीन इमारतीत जुन्या भाडेकरूंना जागा देण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हणून वाडा उभा आहे तोवर तुमच्या खोल्यांचं क्षेत्रफळ मोजून, फोटोसह कागदावर आणा. मालक भाडं घेत नसेल तर मनिऑर्डर करा आणि परत आलेली पावती ठेवा. घर सहा महिने बंद ठेवू नका, तेही घर खाली करवून घ्यायचं एक कारण ठरतं.

पुरात घर बुडालं. त्या महिन्यांचं भाडं?

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं. इथे भाड्याचं घर घेताना पूररेषा विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये आग, वादळ, पूर यांचं नाव घेऊन सांगितलंय की घर कायमचं निकामी झालं तर भाडेकरू भाडेपट्टा संपवू शकतो. आठ दिवस पाणी आणि महिनाभर चिखल याला ते लागत नाही, म्हणून करारातच लिहून घ्या की घर राहण्याजोगं नसेल तितक्या दिवसांचं भाडं माफ. दुरुस्ती मालकाची. भाडेकरूने १५ दिवसांची नोटीस देऊनही तो हलला नाही, तर स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत खर्च कापता येतो. पंचनाम्याच्या वेळी हजर राहा. भिंत मालकाची, पण भिजलेला फ्रीज, गादी, पुस्तकं तुमची, आणि ती तुमच्याच नावावर लिहिली गेली पाहिजेत.

गावात भावकीने ठरवलंय, यांना कुणी घर द्यायचं नाही.

जातपंचायतीचा किंवा गावकीचा असा फतवा महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्यांना हा कायदा विशेष उपयोगी, कारण इथे तुमची जात कोणती हा प्रश्न येत नाही.

मी घरमालक आहे. मग नाही म्हणूच शकत नाही का?

म्हणू शकता. पगार भाड्याला पुरत नाही, दोन खोल्यांत नऊ माणसं राहणार आहेत, आधीचं भाडं बुडवलंय, मला घर सहा महिन्यांनी हवंय, ही सगळी सरळ कारणं आहेत. ती सगळ्यांना सारखी लावा आणि जाहिरातीतच लिहा.

वकील परवडत नाही. आणि तक्रार केली तर दुसरं घर कोण देईल?

दुसरी भीती खरी आहे, ती खोटी म्हणून कुणाला समजावता येत नाही. एजंटांचं जाळं लहान आहे, नाव फिरतं. म्हणून बरेच जण आधी दुसरं घर घेतात, सामान लावतात आणि मग तक्रार देतात. त्यात गैर काही नाही, मात्र फार उशीर झाला की साक्षीदार विसरतात.

वकिलाचं म्हणाल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कारखान्यातले कामगार यांना उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो. पूर किंवा जातीय अत्याचाराच्या झळीने अडचणीत आलेल्यांनाही मिळतो. बाकीच्यांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख. अनुसूचित जातीतल्यांनी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडेही अर्जाची प्रत द्यावी. जाताना करार किंवा पावत्या, आधार, जातीचा दाखला आणि तो मूळ मोबाईल सोबत न्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.